तिवराच्या पानाला चोवीस वर्षं विचारलेला एकच प्रश्न

ऐरोलीला खाडीकाठी मार्च-एप्रिलच्या दुपारी खारफुटीतल्या तिवराचं पान उन्हात तिरकं करून पाहिलं, तर वरच्या बाजूवर पिठीसाखर भुरभुरवल्यासारखे कण चमकतात. ते मीठ असतं. झाडानं पानावरच्या सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर टाकलेलं आणि पाणी उडून गेल्यावर मागे उरलेलं. चाखून बघायचा मोह मात्र टाळावा, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं बरंच काही या खाडीनं पोटात घेतलंय. पाऊस सुरू झाला की कण धुऊन जातात आणि तेच पान चारचौघांसारखं दिसू लागतं.

ज्या पाण्यात भाताचं रोप मान टाकतं, त्याच पाण्यात हे झाड वर्षानुवर्षं उभं कसं राहतं? प्रश्न इतका सरळ आहे. पण त्याचं उत्तर शोधता शोधता माणसाचं अख्खं करिअर जातं. वेळ नेमका कुठे जातो, हे बाहेरच्या माणसाला सहसा कळत नाही, म्हणून हा लेख. वनस्पतींचं जीवरसायनशास्त्र म्हणजे पानाच्या आत कोणते रेणू आहेत आणि ते एकमेकांचं काय करतात याचा हिशेब. रेणवीय जीवशास्त्र म्हणजे ते रेणू बनवायच्या सूचना कुठे लिहिल्यात आणि केव्हा वाचल्या जातात याचा शोध. तिवराच्या बाबतीत दोन्ही एकाच टेबलावर येतात.

आधी मीठ नेमकं काय बिघडवतं ते पाहू. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. एवढं खारं पाणी आत ओढायचं तर मुळाला सुमारे २५ वातावरणांइतक्या दाबाशी झुंजावं लागतं. गाडीच्या टायरमध्ये जेवढा दाब असतो त्याच्या दहापटीहून जास्त. म्हणजे पाण्यात पाय बुडवून उभं राहूनही झाड तहानलेलंच. हा पहिला फटका. दुसरा असा, की पाण्यासोबत सोडियम आत शिरतं आणि पोटॅशियमच्या जागा बळकावतं. पेशीतली कितीतरी एन्झाइम्स, म्हणजे विकरं, पोटॅशियमशिवाय नीट चालत नाहीत. तिसरा फटका यातूनच येतो. पाणी वाचवायला पान आपली छिद्रं मिटून घेतं, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, पण ऊन काही थांबत नाही. प्रकाशानं सुटलेले इलेक्ट्रॉन मग ऑक्सिजनच्या गळ्यात पडतात आणि सुपरऑक्साइड नावाचा उपद्रवी रेणू तयार होतो. तो चरबी, प्रथिनं, डीएनए, समोर येईल त्याचं नुकसान करतो.

आता मजेची गोष्ट. असं वाटेल की तिवरासारख्या झाडांची एन्झाइम्सच मिठाला पुरून उरणारी असतील. नाहीत. खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या वनस्पतींची एन्झाइम्स परीक्षानळीत काढून त्यात मीठ घातलं, तर ती आपल्या वाटाण्या-घेवड्याच्या एन्झाइम्सइतकीच ढेपाळतात, हे १९७० च्या दशकातच दिसून आलं होतं. याचा अर्थ, कामाच्या जागेपर्यंत मीठ पोचूच द्यायचं नाही, यात सगळी हुशारी आहे. तिवराची मुळं साधारण नऊ-दशांश मीठ दारातच अडवतात. आत आलेल्यातलं काही ग्रंथींवाटे बाहेर जातं, काही पेशीच्या मधोमध असलेल्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीच्या टाकीत, कोंडलं जातं. टाकीत मीठ आणि बाहेर गोडं पाणी असं झालं तर टाकी बाहेरचं पाणी शोषून घेईल, म्हणून बाहेरच्या भागात ग्लायसिन बीटेन नावाचा निरुपद्रवी रेणू भरून तोल साधला जातो. आणि सुपरऑक्साइडचा बंदोबस्त करायला सुपरऑक्साइड डिसम्यूटेज नावाचं एन्झाइम तैनात असतं. प्रयोगशाळेत त्याला सगळे नुसतं ‘एसओडी’ म्हणतात.

या झाडाचा पाठपुरावा केलेल्या शास्त्रज्ञांत अजय परिडा यांचं नाव घ्यावंच लागतं. मूळचे ओडिशाचे. दिल्ली विद्यापीठात त्यांनी सुरुवात केली ती मूग, उडीद, चवळी ज्या गटात येतात त्या विग्नाच्या डीएनएचं प्रमाण मोजण्यापासून. पुढे चेन्नईच्या एम. एस. स्वामिनाथन रिसर्च फाउंडेशनमध्ये ते खारफुटीकडे वळले. १९९७ साली त्यांच्या गटानं तिवराच्या जाती एकमेकींपासून डीएनएच्या पातळीवर किती वेगळ्या आहेत ते मांडलं. २००५ मध्ये मिठाच्या ताणात असलेल्या तिवराच्या पानात कोणती जनुकं जागी असतात त्याची मोठी यादी आली. २००८ मध्ये तिवराचं एसओडी जनुक पुसा बासमती-१ या भातात घातल्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. २०१४ ला पद्मश्री, नंतर भुवनेश्वरच्या इन्स्टिट्यूट ऑफ लाइफ सायन्सेसचं संचालकपद, आणि २०२१ मध्ये तिवराचा संपूर्ण जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएतल्या सगळ्या अक्षरांचं वाचन. २०२२ मध्ये ते गेले. झाड तेच, अव्हिसेनिया मरिना, जे विटाव्यापासून वाशीपर्यंत आपल्या खाडीला झालर लावून उभं आहे.

पाच ओळींत हे सगळं घडाघडा झाल्यासारखं वाटतं. ते तसं का होत नाही, हे समजायला एका पानाबरोबर प्रयोगशाळेत जावं लागेल.

पान तोडण्याआधी

कुणीही उठून तिवराचं पान तोडावं असं चालत नाही. खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, ठाणे खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. संशोधनासाठीही वन विभागाची लेखी परवानगी घ्यावी लागते. अर्जात झाडांची संख्या, पानांचं वजन, जागा, तारखा हे सगळं द्यायचं असतं. परवानगी यायला लागणारा वेळ कामाच्या वेळापत्रकात धरलेला नसेल, तर ऋतूच हातातून जातो, आणि इथे ऋतूला फार महत्त्व आहे. मे महिन्यात खाडीचं पाणी खारं असतं, ऑगस्टमध्ये वरून आलेल्या पावसाच्या पाण्यानं ते कितीतरी पातळ होतं. मे महिन्याचं पान ऑगस्टच्या पानाशी ताडून कुणी ‘जनुक बदललं’ म्हणत असेल, तर तो फक्त पाऊस मोजतोय.

तोडताना फांदीच्या टोकापासून तिसरी जोडी, हा साधा नियम पाळतात. फार कोवळं पान पातळ असतं, जून पानात टॅनिन भरलेलं असतं. तारीख, वेळ, भरती होती की ओहोटी आणि पाण्याची क्षारता जागेवरच लिहून ठेवायची. जात नीट ओळखायची. मराठीत सरसकट तिवर म्हटलं तरी मरिनाचं पान टोकाला निमुळतं असतं आणि ऑफिसिनॅलिस या दुसऱ्या जातीचं टोक गोलसर. दोन्हींची पानं एका पिशवीत गेली तर पुढचं वर्षभराचं काम कचऱ्यात. पान ऊर्ध्वपातित पाण्यानं धुऊन, टिपकागदानं टिपून, बर्फात किंवा शक्य असेल तर जागेवरच द्रव नायट्रोजनमध्ये टाकायचं. धुतलं नाही तर वरचं मीठ आणि खालच्या केसाळ बाजूत अडकलेला चिखल, दोन्ही आकड्यांत उतरतात.

चिकट, तपकिरी आणि हट्टी

डीएनए काढणं हे काम शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात केळ्यावर, भांड्याच्या साबणानं करून दाखवतात, त्यामुळे ते सोपं वाटतं. तिवरावर करून पाहावं. या पानात दोन शत्रू आहेत. एक म्हणजे फिनॉलिक पदार्थ, ज्यांत टॅनिनही आलं. सफरचंद कापून ठेवलं की काळं पडतं, तसंच पान चुरडल्यावर या पदार्थांचं होतं आणि ते डीएनएला कायमचे चिकटतात. दुसरा शत्रू म्हणजे पिष्ट आणि डिंकासारख्या बहुशर्करा. त्या डीएनएबरोबरच खाली बसतात आणि हाती येतो तो शेंबडासारखा गोळा.

यावर वापरतात ती सीटॅब पद्धत. सीटॅब हा एक साबणवर्गीय पदार्थ, तो पेशीची पटलं विरघळवतो. द्रावणात सीटॅब २ टक्के, ट्रिस १०० मिलिमोलर पीएच ८.० ला, ईडीटीए २० मिलिमोलर, मीठ १.४ मोलर आणि पॉलिव्हिनिल पायरोलिडोन, म्हणजे पीव्हीपी, १ ते २ टक्के. वापरण्याच्या तोंडावर त्यात मरकॅप्टोइथेनॉल घालतात, साधारण पानांना ०.२ टक्के, तिवराला २ टक्क्यांपर्यंत. पीव्हीपी टॅनिनला पकडून ठेवतं, मरकॅप्टोइथेनॉल ते काळं पडू देत नाही. ईडीटीए मॅग्नेशियम हिरावून घेतं, म्हणजे डीएनए कातरणारी एन्झाइम्स लुळी पडतात. मिठाचं काम सगळ्यांत बारीक आहे. १.४ मोलर म्हणजे लिटरला ८२ ग्रॅम, समुद्राच्या दुपटीहून खारट. एवढं मीठ असेपर्यंत सीटॅब बहुशर्करा आणि प्रथिनांना धरतं, पण डीएनए विरघळलेला राहतो. मीठ ०.७ मोलरच्या खाली घसरलं की सीटॅब डीएनएलाच घेऊन बसतं. म्हणून पान ओलं ठेवायचं नाही आणि जास्त पान कोंबायचं नाही, दोन्हींनी द्रावण पातळ होतं.

०.१ ग्रॅम पान घ्यायचं, एका मिलिलिटर द्रावणाला एवढंच पुरे. खलबत्ता आधी द्रव नायट्रोजन ओतून थंड केलेला हवा. उणे १९६ अंशाला पान काचेसारखं ठिसूळ होतं आणि मैद्यासारखी हिरवी भुकटी मिळते. भुकटी पांढरट-हिरवी आहे तोवर ठीक. ती ओलसर दिसायला लागली, गडद झाली, की समजायचं पान वितळलं आणि कातरणारी एन्झाइम्स जागी झाली. तिथेच सोडून नवीन पान घ्यावं, वितळलेली भुकटी पुन्हा गोठवण्यात अर्थ नाही. भुकटी गोठलेली असतानाच ६५ अंशाला तापवलेल्या द्रावणात टाकायची आणि ३० ते ४५ मिनिटं त्याच तापमानाला ठेवून, दर दहा मिनिटांनी नळी हलक्या हातानं उलटी-सुलटी करायची. जोरात झटकली तर लांब धागे तुटतात.

मग तेवढंच क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोलचं २४:१ मिश्रण घालून मिनिटाला १२,००० फेऱ्यांवर दहा मिनिटं सेंट्रिफ्यूज, म्हणजे यंत्रात गरगर फिरवणं. बाहेर काढल्यावर नळीत तीन मजले दिसतात. तळाशी हिरवं क्लोरोफॉर्म, मध्ये पांढरी चकती, म्हणजे प्रथिनं, आणि वर पाण्याचा थर. आपला डीएनए वरच्या मजल्यावर. पिपेटचं टोक कात्रीनं थोडं कापून रुंद करायचं आणि वरचा थर हळू उचलायचा, चकतीच्या वरचं थोडं पाणी सरळ सोडून द्यायचं. शंभर मायक्रोलिटरच्या लोभापायी चकती ढवळणारे विद्यार्थी दरवर्षी असतात. तिवरासाठी ही पायरी दोनदा करणं शहाणपणाचं. आणि हे सेंट्रिफ्यूज गार करून करू नये, सीटॅब १५ अंशांखाली गोठून बसतं.

आता आयसोप्रोपेनॉल, द्रावणाच्या दोन-तृतीयांश. नळी सावकाश उलटी केली की शेवयांसारखे पांढरे धागे तरंगतात. ते पांढरे असतील तर दिवस चांगला. तपकिरी असतील तर फिनॉलिक जिंकले, मरकॅप्टोइथेनॉल जुनं झालंय किंवा पीव्हीपी कमी पडलंय. धाग्यांऐवजी पारदर्शक जेली आली तर बहुशर्करा आल्यात, पुढच्या वेळी अल्कोहोलच्या आधी ५ मोलर मिठाचं द्रावण घालून मीठ पुन्हा वर न्यायचं. धागे ७० टक्के इथेनॉलनं धुऊन वाळवायचे, पण पापडासारखे कडक नाही, मग ते विरघळत नाहीत.

क्लोरोफॉर्म आणि मरकॅप्टोइथेनॉल दोन्ही फ्यूम हूडखालीच हाताळायचे आणि वापरून झालेलं वेगळ्या बाटलीत साठवायचं, बेसिनमध्ये नाही. स्वस्त, काचेसारख्या दिसणाऱ्या पॉलिस्टायरीनच्या नळीत क्लोरोफॉर्म ओतलं तर नळीच विरघळते. पॉलिप्रॉपिलीनच्या, दुधाळ रंगाच्या नळ्या चालतात.

शेवटी तपासणी. २६० नॅनोमीटरला डीएनए प्रकाश शोषतो, २८० ला प्रथिनं, २३० ला शर्करा आणि फिनॉलिक. पहिल्या दोहोंचं गुणोत्तर १.८ च्या आसपास आणि २६० भागिले २३० हे २ च्या आसपास हवं. तिवरात पहिलं गुणोत्तर छान येतं आणि दुसरं ०.८, असं सर्रास होतं. नवखे पहिल्यावर खूश होतात आणि पुढची पीसीआर, म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढणारी प्रतिक्रिया, चालत नाही म्हणून आठवडाभर प्राइमर, म्हणजे प्रत कुठून सुरू करायची ते दाखवणारे डीएनएचे छोटे तुकडे, बदलत बसतात. दोष प्राइमरचा नसतो, अशुद्धीनं पीसीआरचं एन्झाइमच गुदमरलेलं असतं. डीएनए दहापट पातळ करून पाहावा. अनेकदा कमी डीएनएत काम होतं, कारण अशुद्धीही दहापट कमी झालेली असते. हा उपाय फुकट आहे, तरी तो शेवटी सुचतो.

असे डीएनएचे शंभर-दोनशे नमुने हातात आले की जातींमधला फरक मोजता येतो. त्या १९९७ च्या कामामागे हे होतं.

एन्झाइम मोजणं म्हणजे न दिसणारं मोजणं

एसओडी डोळ्यांना दिसत नाही, आणि ते ज्याला संपवतं तो सुपरऑक्साइड क्षणभरही टिकत नाही. म्हणून वळसा घ्यावा लागतो. एनबीटी नावाचा फिकट पिवळा रंग, रायबोफ्लेविन आणि मेथिओनिन एकत्र करून नळी उजेडात ठेवली की सुपरऑक्साइड तयार होतो आणि एनबीटी निळा पडतो. पानाचा अर्क घातल्यावर एसओडी मध्येच सुपरऑक्साइड खाऊन टाकतं, निळा रंग कमी येतो. ५६० नॅनोमीटरला तो मोजायचा. निळेपणा निम्म्यावर आणायला जेवढं एन्झाइम लागतं ते एक एकक. अर्क ५० मिलिमोलर फॉस्फेट द्रावणात, पीएच ७.८ ला, बर्फावर काढतात. एकूण प्रथिन वेगळं मोजून आकडा दर मिलिग्रॅम प्रथिनामागे सांगायचा, नाहीतर पाणचट पान आणि रसरशीत पान यांची तुलनाच होत नाही.

सगळ्यांत जास्त फसगत इथे होते. तिवराच्या अर्कातले फिनॉलिक स्वतःच सुपरऑक्साइड टिपतात. मशीन म्हणतं एसओडी भरपूर आहे, प्रत्यक्षात ते टॅनिन असतं. म्हणून अर्क आधी लहान रेणू अडकवणाऱ्या स्तंभातून गाळून घ्यावा आणि शेजारी उकळलेल्या अर्काची नळी ठेवावी. उकळूनही रंग अडत असेल तर आपण एन्झाइम मोजत नाही आहोत. नळ्या दिव्यापासून सारख्या अंतरावर हव्यात, टोकाची नळी अंधारात राहिली तर तिचं एसओडी उगाच जास्त दिसतं. तांब्या-जस्ताचं एसओडी सायनाइडनं बंद पडतं, मँगनीजचं पडत नाही. असे प्रकार वेगळे करून मग कळतं की मीठ वाढल्यावर नेमकं कोणतं वाढलं.

जनुक पकडणं, मग भातात घालणं

एन्झाइम सापडलं की त्याची सूचना शोधायची. सूचना डीएनएत सगळीकडेच असते, पण मिठाच्या ताणात कोणती वाचली जातेय हे आरएनए, म्हणजे वाचलेल्या सूचनेची तात्पुरती नक्कल, सांगतं. आरएनए फार नाजूक. त्याला कातरणारी एन्झाइम्स आपल्या बोटांवर असतात आणि नुसतं उकळून मरत नाहीत. म्हणून वेगळी जागा, वेगळ्या पिपेट, दर थोड्या वेळानं बदललेले हातमोजे. आरएनएवरून उलट दिशेनं डीएनए-प्रत बनवतात, तिला सीडीएनए म्हणतात. अशा हजारो प्रतींचे तुकडे वाचून २००५ ची यादी तयार झाली होती.

भातात जनुक घालण्याची रूढ वाट अशी. सोललेले तांदळाचे दाणे निर्जंतुक करून २,४-डी हे वाढीचं संप्रेरक घातलेल्या माध्यमावर ठेवले की तीन-चार आठवड्यांत अंकुराजवळून पिवळसर, रवाळ गाठ वाढते. तिला कॅलस म्हणतात. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू निसर्गात स्वतःचा डीएनए झाडात घुसवतो. त्याच्याकडे आपलं जनुक सोपवून कॅलस दोन-तीन दिवस त्याच्याबरोबर ठेवतात. मग हायग्रोमायसिन हे पेशी मारणारं औषध, साधारण लिटरला ५० मिलिग्रॅम. आपल्या जनुकाला या औषधाला पुरून उरणारं आणखी एक जनुक जोडलेलं असतं. ज्यात जनुक गेलं त्या पेशी जगतात, बाकी काळवंडतात. जगलेल्यांतून रोपं उभी करायची. इंडिका, म्हणजे आपल्याकडच्या प्रकारचा भात, त्यातही बासमती, इथे जपानकडच्या जॅपोनिका प्रकारापेक्षा खूप नखरे करतो. गाठ चांगली वाढते, रोपच फुटत नाही.

रोप मिळालं म्हणून काम झालं असं नाही. जनुक गुणसूत्रात एका जागी बसलं की चार जागी, हे तपासायचं. पुढच्या पिढीची ४० बियाणी औषधावर टाकली आणि सुमारे ३० जगली, तर जागा एक. ३७-३८ जगली तर दोन. शिवाय कॅलसमधून गेल्यामुळेही रोपं बदलतात, जनुकाचा काही संबंध नसतो. म्हणून तुलनेला कॅलसमधून आलेलं, पण जनुक नसलेलं रोप लागतं. हे शेजारी नसलेले निबंध वाचताना हात आखडता घ्यावा.

२००८ च्या निबंधातलं बासमती १५० मिलिमोलर मिठात, म्हणजे लिटरला सुमारे ८.८ ग्रॅम, आठ दिवस पाण्यावर वाढवलं. साधं रोप कोमेजलं, तिवराचं जनुक असलेलं तगलं. कुंडीतही खारं पाणी देऊन आणि पाणी तोडून फरक दिसला. खरंच मोठं काम आहे. पण वाचताना शब्द मोजावेत. आठ दिवस तगणं आणि लोंबी भरणं यात अंतर आहे. एक जनुक सुपरऑक्साइड आवरतं, ते सोडियम अडवत नाही आणि ग्रंथीही देत नाही. तिवराचा जीनोम वाचल्यावर हे आणखी स्पष्ट झालं. तो सुमारे ४५ कोटी ६५ लाख अक्षरांचा आहे, प्रथिनं बनवणारी जनुकं ३१ हजारांच्या घरात, आणि मिठाशी संबंधित जनुकांचीच संख्या हजारांत जाते.

या क्षेत्रात यायचं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. वनस्पतिशास्त्र, जीवरसायन किंवा जैवतंत्रज्ञानात एमएस्सी, मग सीएसआयआर-नेट किंवा डीबीटीची जेआरएफ, म्हणजे संशोधन शिष्यवृत्तीची परीक्षा, आणि पाच वर्षांची पीएचडी. २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं, दोन वर्षांनी ४२,०००. पीएचडीच्या पहिल्या दीड वर्षात वर लिहिलेल्या चुका क्रमानं होतात, त्याला उशीर समजू नये.

खार जमिनीकडे

तिवराचं जनुक न घालताही खाऱ्या जमिनीत भात पिकतो, हे पनवेलला जाऊन पाहता येतं. कोकण कृषी विद्यापीठाच्या खारभूमी संशोधन केंद्रानं पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ हे वाण नेहमीच्या संकर आणि निवडीनं तयार केले. भातात स्वतःचंही एक हत्यार आहे. २००५ साली पहिल्या गुणसूत्रावर असं जनुक सापडलं, जे मुळाकडून पानाकडे चाललेलं सोडियम वाटेतच परत खेचतं. केरळच्या पोक्कली भातातल्या ‘सॉल्टोल’ नावाच्या, मीठ सोसण्याशी संबंधित डीएनएच्या पट्ट्याचा शोध त्याच गुणसूत्रावर घेतला गेला. आता जनुक बाहेरून न आणता आतलंच कातरण्याची पद्धत आलीय. २०२५ च्या मेमध्ये जाहीर झालेला पुसा डीएसटी राइस १ हा असाच, दुष्काळ आणि खारेपणासाठी संपादित केलेला वाण. बाहेरचं जनुक घातलेल्या पिकाला परवानगीची लांबलचक वाट चालावी लागते. ज्यात परकं जनुक उरत नाही, अशा संपादित पिकांना २०२२ पासून त्यातून बरीच सूट आहे.

माझ्या मते प्रयोगशाळेतल्या माणसानं वर्षातून एकदा तरी खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खार शेताच्या, बांधावर उभं राहावं. कुंडीतलं मीठ सगळीकडे सारखं असतं, शेतातलं दहा पावलांवर बदलतं. उघाडीजवळ, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराजवळ, जास्त, वरच्या अंगाला कमी. भरतीला बांध फुटला की सगळा हिशेब नवा. भाताला ३ डेसिसिमेन्स प्रति मीटरपर्यंतची क्षारता चालते, त्यापुढे प्रत्येक एककाला उत्पन्न साधारण १२ टक्क्यांनी घटतं, म्हणजे ७ च्या थोडं वर गेलं की पीक निम्मं. हे आकडे मातीचा पाण्यानं भिजवलेला लगदा करून, त्यातून ओढून काढलेल्या पाण्याचे आहेत. मीटर घेऊन एक भाग माती आणि दोन भाग पाणी कालवून मोजलं तर आकडा खूपच कमी येतो, कारण आपणच मीठ पातळ केलेलं असतं. त्या आकड्यावर ‘जमीन चांगली आहे’ म्हणून पेरणी करणारे फसतात.

म्हणून मेअखेर आणि पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांनंतर, शेताच्या एकाच जागेतून, वरच्या १५ सेंटिमीटरमधली माती घ्यायची आणि लगदा पद्धतीनंच मोजायची. रोप आणि फुलोरा या दोन वेळी भात मिठाला सगळ्यांत जास्त घाबरतो, त्यामुळे मोड आलेलं बी चिखलात फेकायचं, म्हणजे रहू करायचं, ते पावसानं मीठ खाली ढकलून उघाडीतून बाहेर काढल्यावरच. आकडा ६ च्या वर असताना रहू टाकली तर बी उगवतं, आठवड्यात पानांची टोकं पांढरी पडतात, मग करपतात, आणि दुसऱ्यांदा टाकायला बी उरलेलं नसतं.